फोडण्यासाठी घडवलेली पिंपं

तळघरातली ती पिंपं माझ्या भावाने फोडली नव्हती. वहिनीने फोडली होती. मी अंगणातच उभी होते, माझ्या डोळ्यांदेखत झालं, म्हणून सांगते. नाहीतर अर्ध्या न्यूयॉर्क राज्याला ती गोष्ट उलटीच माहीत आहे, आणि ती तशी माहीत होण्याला कारणही वहिनीच.

माझा भाऊ अ‍ॅलन्सन टटल. आमचं गाव ब्रॅडक्स लॉक, कालव्याच्या काठावरचं. तिथे लाकडी पिंपं घडवण्यात दादाचा हात धरणारा कोणी नव्हता. पिठाची, सफरचंदांची, खारवलेल्या मांसाची, आणि अर्थात दारूचीही. ओकच्या दोन फळ्या अशा जुळवायचा की मधून सुईचं टोक जाऊ नये. आमची आई म्हणायची, याचे हात सोन्याचे आणि घसा तेवढा कायम कोरडा.

इलेक्टा वहिनी लग्नाआधी शाळेत शिकवायची. बुटकी, खांद्यांनी रुंद, चष्मा लावणारी. तिच्या कविता रॉचेस्टरच्या वर्तमानपत्रात छापून यायच्या, त्याचा आम्हाला फार अभिमान होता. त्यातली एकही आम्हाला नीट कळली नव्हती ही गोष्ट वेगळी. दोन मुलं झाली, दोन्ही टेकडीवरच्या दफनभूमीत गेली. मी बिनलग्नाची, गावातल्या बायकांचे झगे शिवायची आणि दादा-वहिनींकडेच राहायची.

फळ्या वाकवायच्या तर पिंपाच्या आत भुशाचा जाळ करावा लागतो. एप्रिलमधल्या एका दुपारी दादा जाळ पेटवून पिऊन झोपी गेला. शेजारच्या क्रँडलबाईंनी आरडाओरडा केला म्हणून कारखाना वाचला आणि तोही वाचला. भुवया मात्र जळाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी तळघरात उतरली. सफरचंदाच्या आंबवलेल्या दारूची तीन पिंपं तिने एकटीने फळी लावून वर चढवली, अंगणात गडगडत आणली आणि कुऱ्हाड घेतली.

पहिले घाव नुसतेच बसले. कुऱ्हाड उसळून परत येत होती.

दादा दारात उभा राहून लहान पोरासारखा रडत होता. "इलेक्टा, अगं पांढरा ओक आहे तो! पांढरा ओक!"

"असू दे."

"मग फळीवर कशाला मारतेस? फळी नाही फुटायची तुझ्याच्याने. भोवतीच्या कड्या उडव! वरची कडी आधी. कड्या गेल्या की आपोआप उलगडतं."

तिने कडीवर घाव घातला. पिंप फुलासारखं उघडलं आणि दारू माझ्या बुटांवरून वाहत कोंबड्यांपर्यंत गेली. कोंबड्या दिवसभर झिंगत होत्या. आम्ही तिघंही शेवटी हसलो, इतकं खरं.

त्यानंतर दादाने दारू सोडल्याच्या शपथेच्या कागदावर सही केली आणि खरोखरच कितीतरी महिने थेंबाला शिवला नाही. त्याच वर्षीच्या हिवाळ्यात वहिनीने गोष्ट लिहिली. गोष्टीतला पिंपवाला पहाटे झोपलेल्या बायकोचा सुकलेला चेहरा बघतो, त्याच्या काळजात काहीतरी हलतं, आणि तो स्वतः कुऱ्हाड उचलतो.

मी विचारलं, "वहिनी, पण फोडली तर तू."

"बाईने पिंप फोडलं की लोक त्याला भांडण म्हणतात, डॉर्कस. पुरुषाने फोडलं की पश्चात्ताप म्हणतात. मला पश्चात्ताप हवाय." मग म्हणाली, "आणि चार वेळा वाचून दाखवलं तर यांनाही वाटेल, आपणच फोडली. वाटलं तर बिघडलं काय?"

गोष्ट दारूबंदी मंडळाच्या मुखपत्रात छापून आली, मग तिचं छोटं पुस्तक निघालं, आणि बघता बघता ते रविवारच्या शाळांतून, बोटींवरून, न्हाव्याच्या दुकानांतून दिसायला लागलं. बायकांची पत्रं यायला लागली. वहिनी एकेकीला उत्तर लिहायची. तिचं तोंड त्या दिवसांत मी उजळलेलं पाहिलं, आधी कधी पाहिलं नव्हतं.

मग मंडळाचे चिटणीस हायरम व्हीलॉक आले. घोडागाडी झकपक, आवाज गोड. बाहेरच्या खोलीत बसून त्यांनी आमच्या गव्हाच्या पिठाच्या घावनांवर मेपलचा पाक ओतून तीनदा वाढून घेतलं.

"मिसेस टटल, आपल्या लेखणीने जे केलं ते शंभर प्रवचनांनी झालं नाही," ते म्हणाले. "पण लोक विचारतात, असा माणूस खरंच आहे का? त्यांना डोळ्यांनी बघायचाय."

"कोणाला?" दादाने विचारलं.

"आपल्याला. आपण व्यासपीठावर या. एक पिंप असेल, एक कुऱ्हाड असेल. बास."

दादा वहिनीकडे बघायला लागला. बोलायची वेळ होती तर तीच होती. वहिनीने चष्मा काढला, पुसला, परत लावला. समोर बसलेल्या माणसाला ती काय सांगणार होती? की पुस्तकात आहे ते खोटं? ती म्हणाली, "यांची इच्छा असेल तर."

दादा म्हणाला, "तुझी असेल तर."

पुस्तकाचे हक्क मंडळाला दिल्याच्या कागदावर सही दादानेच केली. बायकोने लिहिलेलं नवऱ्याच्या सहीने जायचं, तशीच रीत होती. कोणाला त्यात वावगं वाटलं नाही. मलाही नाही.

पुढचा हिवाळाभर आम्ही बर्फावरच्या घसरगाडीने गावोगाव हिंडलो. सगळीकडे प्रकार एकच. खाली पुरुष, वर सज्जात बायका. व्हीलॉक साहेब गोष्ट वाचायचे, आणि शेवटाला आले की आवाज कापरा करायचे. मग दादा उठायचा, मंडळाने दिलेला काळा कोट घालून, आणि पिंप फोडायचा. मग भजन. मग पुरुष रांगेने सह्या करायला. वहिनी वर सज्जात माझ्या शेजारी बसलेली असायची. आपलंच लिहिलेलं दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना ती ओठ हलवायची, आणि व्हीलॉक एखादा शब्द चुकले की माझ्या मांडीला चिमटा काढायची.

एकदा ओबर्नला तिने विचारलं, "मी खाली येऊन चार शब्द बोलले तर? इतक्या बायका आल्यात."

व्हीलॉक हसले. "बाईसाहेब, आपले शब्द लेखणीतून उतरतात तेच शोभतात. व्यासपीठ म्हणजे बाजार. आपल्याला कशाला तिथे धक्के?"

सुरुवातीला दादा फोडायला हलकी पिंपं करायचा, उरल्यासुरल्या फळ्यांची. पण सेनेका फॉल्सला गर्दीत एक पिंपवाला निघाला. पिंप एका घावात कोसळलं तसा तो मागून ओरडला, "अरे, असलं पिंप तर माझी सासू टेकली तरी मोडेल!"

सगळं सभागृह हसलं. दादाचे कान लाल झाले. सोमवारी त्याने पांढऱ्या ओकच्या फळ्या काढल्या, आणि त्या दिवसापासून फोडायचं पिंपसुद्धा असं घडवायला लागला की त्यात वर्षभर तेल ठेवलं तरी पाझरू नये. आठवडाभर रंधा, आठवडाभर घासणं, आणि शनिवारी कुऱ्हाड. कडीवर मारायचा, पिंप उलगडायचं, लोक टाळ्या वाजवायचे. तो फळ्या गोळा करून घरी आणायचा प्रयत्न करायचा, पण लोक आठवण म्हणून तुकडे उचलून न्यायचे.

उन्हाळ्यात मला त्याच्या कारखान्यात दारूचा वास आला. मी काही बोलायच्या आतच तो म्हणाला, "आलीस का नाक घेऊन?"

"दादा, तू शपथ घेतलीस."

"घेतली. तिनेच लिहिली आणि मीच घेतली." तो घडवंचीवर बसला. "डॉर्कस, चांगलं पिंप घडवायचं आणि शनिवारी फोडायचं. परत घडवायचं, परत फोडायचं. शुद्धीवर राहून हे कसं करतात, ते जरा त्या व्हीलॉकला विचारून ये."

"मग नाही म्हण."

"कोणाला म्हणू? ती रात्रंदिवस बायकांना पत्रं लिहिते, 'माझे पती सुधारले.' मी नाही म्हटलं तर ती खोटी पडते. पीत राहिलो तर मी एकटा खोटा. त्यातल्या त्यात हे बरं."

वहिनीला माझ्याआधीच कळलं होतं. नवऱ्याच्या अंगाला कसला वास येतो, हे बायकोला काय मी सांगायला हवं? ती रॉचेस्टरला जाऊन व्हीलॉक यांना भेटून आली. परतल्यावर टोपीही न काढता स्वयंपाकघरात बसली.

"म्हणाले, त्याला पोटभर कॉफी पाजा आणि शनिवारी वेळेवर आणा. म्हणाले, त्याच्याकडे बघून ज्यांनी शपथ घेतली त्यांचं काय करायचं? एक वीट काढली तर भिंत पडेल, आणि ती तुमच्या हाताने पडेल." ती टेबलावरचे मक्याच्या भाकरीचे कण बोटाने गोळा करत होती. "मी म्हटलं, मग दुसरं लिहू द्या. ज्यांचा नवरा नाही सुधारत, त्यांनी काय करावं, ते लिहू द्या. घर सोडावं, कायद्याने सुटका मागावी, मुलं मागावीत. तर म्हणाले, सुधारणारा पुरुष लिहा, मिसेस टटल. निघून जाणारी बाई आम्हाला नकोय."

"मग लिहू नकोस काहीच."

"तेही बघितलं. लिहिलं नाही तरी ते पुस्तक छापतच राहणार. कागद त्यांच्याकडे आहे." मग तिने टोपी काढली आणि चुलीला लाकडं घातली, कारण दादा जेवायला येत होता.

सप्टेंबरात ऑर्फा नावाची बाई आली. कालव्याच्या बोटीतून, दोन पोरं बरोबर, एक कडेवर, एक हाताला धरलेलं. पश्चिमेकडच्या कुठल्याशा शेतावरून आली होती. दारातच म्हणाली, "मला फक्त त्यांना बघायचंय. बघून लगेच जाईन."

दादा वर झोपला होता, आणि कसा झोपला होता ते काय सांगू. वहिनीने मला डोळ्यांनी खुणावलं. मी वर जाऊन त्याच्या डोक्यावर घागरभर पाणी ओतलं, तोंडात लवंगा कोंबल्या, स्वच्छ सदरा चढवला आणि मागच्या दाराने कारखान्यापाशी नेऊन वास पलीकडे वाहून जाईल अशा बाजूला ओंडक्यावर बसवलं. वहिनीने त्या बाईला दहा पावलं अलीकडेच उभं केलं. "त्यांना जरा सर्दी आहे," ती म्हणाली.

ऑर्फा त्याच्याकडे अशी बघत राहिली की मला तिकडे बघवेना. "माझ्या नवऱ्याला मी तुमची गोष्ट वाचून दाखवते," ती म्हणाली. "तो रडतो हो. खरं सांगते, खूप रडतो. आणि मग उठून जातो. मी माहेरी निघाले होते, पेटी बांधली होती. पण बाईंचं पुस्तक वाचलं आणि पेटी सोडली. म्हटलं, यांचा सुधारला तर आपलाही सुधारेल."

दादाची नजर तिच्या कडेवरच्या पोरावर गेली. घोगऱ्या आवाजात तो म्हणाला, "बाई, तुमचं धाकटं भुकेलंय बहुतेक. आमच्याकडे सफरचंदं आहेत."

तिने मुलाला सफरचंद द्यायला हात पुढे केला तेव्हा बाही वर सरकली. मनगटापासून कोपरापर्यंत निळं-पिवळं. वहिनीने पाहिलं, मी पाहिलं. वहिनीचं तोंड उघडलं. आता सांगणार, असं मला वाटलं. आता म्हणेल, बाई, परत जाऊ नका, हे सगळं मी रचलंय.

ती म्हणाली, "धीर धरा. वेळ लागतो."

बोट सुटल्यावर वहिनी गोठ्यात गेली आणि तिने दार आतून लावून घेतलं.

थंडी पडायच्या सुमाराला एका बोटवाल्याकडून कळलं. ऑर्फाच्या नवऱ्याने तिला जिन्यावरून ढकललं होतं. जीव वाचला, पण कमरेखाली काही उरलं नाही. तिच्या भावाने तिला घरी नेलं. पोरं बापाकडेच राहिली. कायद्याने ती त्याचीच होती. बोटवाला हे सांगत होता तेव्हा वहिनी सफरचंदं सोलत होती. ती सोलतच राहिली, टोपली संपेपर्यंत, आणि मग जी सोलून झाली होती तीच परत सोलायला लागली. मी तिच्या हातातून सुरी काढून घेतली.

त्याच आठवड्यात सिराक्यूजला मोठी सभा होती. शहरातले पाद्री, वकील, बँकवाले, सगळे येणार होते. दादाने त्या सभेसाठी जे पिंप घडवलं होतं तसं मी आयुष्यात पाहिलं नाही. दर्शनी फळ्यांवरचं लाकडाच्या रेषांचं नक्षीकाम एकाला एक मिळालेलं, कड्या लोखंडाच्या नाहीत तर हिकरीच्या झाडाच्या सोललेल्या फांद्यांच्या, जुन्या पद्धतीने विणलेल्या. तो त्यावरून हात फिरवत म्हणाला, "हे बघून घे. बाबांनाही असं जमलं नव्हतं."

सभागृह खचाखच भरलेलं. व्हीलॉक यांनी गोष्ट वाचली, आवाज कापरा केला. दादा उठला. मला वरूनही दिसत होतं, तो प्यालेला नव्हता. पूर्ण शुद्धीवर होता.

त्याने घाव घातला. फळीवर. कुऱ्हाड उसळली.

परत फळीवर. परत. लोक आधी हसले. मग कुणीतरी ओरडलं, "अहो टटल, बाटली लवकर उघडत होतात की!" अजून हशा. दादा फळीवरच मारत राहिला. ज्या माणसाला कड्यांचं गुपित डोळे मिटूनही सांगता येईल इतकं पाठ, तो फळीवर मारत होता आणि घामाने भिजत होता. हळूहळू हसणं थांबलं. नुसता ठक, ठक आवाज. व्हीलॉक त्याच्या कानाशी लागून काहीतरी म्हणत होते.

मी शेजारी बघितलं तर वहिनीची जागा रिकामी. ती जिना उतरून पुरुषांच्या मधल्या वाटेने चालली होती, दोन्ही हातांनी झगा उचलून धरून. कोणी अडवलं नाही. बाई तिथून चालत जाईल हेच कोणाच्या डोक्यात नव्हतं. ती व्यासपीठावर चढली आणि दादासमोर हात धरला.

"द्या इकडे."

दादाने कुऱ्हाड दिली. तिने वरची कडी उडवली, मग खालची. पिंप उलगडलं.

"मी फोडली होती," ती लोकांकडे वळून म्हणाली. शाळेतला आवाज होता तो, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. "पुस्तकातली पिंपं यांनी नाही फोडली, मी फोडली. आणि फोडूनही हे सुधारले नाहीत. यात यांचा दोष आहे तेवढाच माझाही, मी खोटं लिहिलं. वर सज्जात ज्या बसल्यात त्यांना मला सांगायचंय. वाट बघू नका! ज्याच्या हाताने मार बसतो त्याच्या सुधारण्याची वाट बघू नका. आपण सगळ्याजणी मिळून ऑल्बनीला विधिमंडळाकडे अर्ज करू, की दारुड्याच्या बायकोला सुटका मिळावी, आणि तिची मुलं…"

तोवर व्हीलॉक यांनी हात वर केला होता. पेटीवाल्याने सूर धरला, गायकांनी भजन सुरू केलं, आणि मग सगळे पुरुष उभे राहून गायला लागले. देवाचं नाव इतक्या जोरात घेतलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. वहिनी बोलतच होती. तिचे ओठ हलत होते, हात हलत होता, आणि एक अक्षर ऐकू येत नव्हतं. भजन संपलं की ते पुन्हा पहिल्या कडव्यापासून सुरू करत. शेवटी दादाने तिच्या खांद्यावर त्याचा कोट टाकला आणि तिला खाली आणलं. सज्जातल्या बायकांपैकी काही रडत होत्या. पण गातही होत्या.

परतीच्या बोटीत आम्ही तिघं पाठीला पाठ लावून बसलो होतो, गारठा होता. दादा म्हणाला, "कडीवर मारलंस."

"तुम्ही का नाही मारलंत?"

"नाही मारवलं. एकदा तरी राहू दे म्हटलं शाबूत." मग म्हणाला, "बरं झालं पण. सुटलो."

तो सुटला हे खरं. वर्तमानपत्रांनी लिहिलं की मिसेस टटल यांच्या डोक्यावर वाचनाचा परिणाम झाला आहे. पुस्तक छापलं जातच राहिलं, तिच्याच नावाने, त्याच शेवटासकट. ऑर्फासारख्या बायकांची पत्रं येत राहिली. वहिनी प्रत्येकीला खरं कळवायची, आणि प्रत्येक पत्रामागे दहाजणी ते पुस्तक वाचून पेटी सोडत असणार, हे तिला माहीत होतं. पुढच्या उन्हाळ्यात ओहायोहून आलेल्या एका फेरीवाल्याने सांगितलं, तिकडे अ‍ॅलन्सन टटल नावाचा गृहस्थ गावोगाव पिंपं फोडत हिंडतोय. मंडळाने दुसरा माणूस ठेवला होता!

दादा हसून हसून खोकायला लागला. "कसा आहे?"

"तुमच्यापेक्षा दांडगा आहे," फेरीवाला म्हणाला. "आणि वेळेवर रडतो."

वहिनी उठून आत गेली.

तिने अर्ज लिहिला आणि आम्ही दोघी दारोदार सह्या मागत हिंडलो. क्रँडलबाई, ज्यांनी आग लागली तेव्हा आरडाओरडा केला होता, त्या दार अर्धंच उघडून म्हणाल्या, "सही केली तर आमचे हे विचारतील, तुला कोणाला सोडायचंय? नको गं बाई." सगळीकडे हेच. ज्या बायकांना सही करायची गरज होती त्यांच्या घरात पेन नवऱ्याच्या खिशात. तरी थोड्या सह्या मिळाल्या. ऑल्बनीहून उत्तर आलं नाही.

दादा अधूनमधून प्यायचा. काही महिने कोरडे जायचे, मग परत. मारलं त्याने कधीच नाही, हे मी त्याची बहीण म्हणून नाही सांगत. एका हिवाळ्यात मात्र वहिनी मला घेऊन रॉचेस्टरला गेली. वरच्या मजल्यावर एक खोली, खाली चांभाराचं दुकान. ती बायकांच्या एका लहानशा वर्तमानपत्रासाठी लिहायची, मी शिवायची. सकाळी उठून ती खिडकीशी चहा पीत बसायची आणि काहीच करायची नाही, म्हणायची, "डॉर्कस, बघ, कोणी पायऱ्या चढत नाहीये." बर्फ वितळायला लागलं तेव्हा निरोप आला की दादाला झटका आला, उजवी बाजू गेली. मी पेटी भरायला लागले. ती म्हणाली, "तू जा." मी निघाले तेव्हा ती दारात उभी होती. मी गाडीत बसले तर ती शेजारी येऊन बसली, टोपीच्या फिती न बांधता.

त्यानंतर कितीतरी वर्षं दादा खालच्या खोलीत पलंगावर होता. उजवा हात गेला म्हणजे पिंपवाल्याचं सगळंच गेलं. डाव्या हाताजवळ एक काठी ठेवलेली असायची. काही हवं असलं की तो भिंतीवर आपटायचा.

उत्तर-दक्षिण युद्ध संपल्यानंतर एकदा मिस ल्युएला बीबी नावाची मुलगी आली. बायकांच्या हक्कांसाठी काम करणारी, शिकलेली, गाल थंडीने लाल. वहिनीचे जुने लेख तिने कुठूनतरी मिळवून वाचले होते. खुर्चीच्या कडेवर बसून ती भराभर बोलत होती. मग अडखळली.

"राग मानू नका, पण विचारते. सोडून जावं असं इतकं स्पष्ट तुमच्याआधी कोणी लिहिलं नाही. मग तुम्ही स्वतः…"

"गेले होते," वहिनी म्हणाली. "एक हिवाळा."

"मग परत का आलात?"

वहिनीने तोंड उघडलं. ती काय सांगते ते मलाही ऐकायचं होतं, मी सुई थांबवली. तेवढ्यात भिंतीवर काठी वाजली. ठक, ठक. वहिनी उठून आत गेली.

मुलगी माझ्याकडे वळली, हळू आवाजात म्हणाली, "त्यांच्यावर कोणी सक्ती केलीय का?"

"कायद्याची आहे की."

"ते सोडून."

"ते सोडून काय, ते तिलाच विचार, बाळ. मला तीस वर्षांत सांगितलं नाही."

वहिनी लापशीचा रिकामा वाडगा घेऊन बाहेर आली. बसली. मुलगी वाट बघत होती. वहिनीने चष्मा वर सरकवला आणि म्हणाली, "मी आठवड्यातून एकदा तरी जायचं ठरवते, मिस बीबी. नेमकं तेव्हा यांना पाणी हवं असतं." मग विचारलं, "तुम्ही जेवून जाल ना? वाटाण्याचं सूप आहे."

ती जेवून गेली. जाताना आमच्या घराकडे वळून वळून बघत होती.

दादा पुढच्या शरद ऋतूत गेला. शेवटचे काही दिवस त्याला बोलता येत नव्हतं. वहिनी त्याचा डावा हात धरून बसायची आणि तो डोळ्यांनी तिचा माग काढत राहायचा. पुरून आल्यावर मी कारखाना आवरला, हत्यारं विकली, आणि आठ-पंधरा दिवसांनी तिला म्हटलं, "वहिनी, रॉचेस्टरची खोली बघू या का परत? आता जायला मोकळी आहेस."

ती खिडकीत बसली होती. तिने कालव्याकडे बघितलं. "आता जायचं कशापासून?" ती म्हणाली.

मग तिने मला शाई आणायला सांगितलं, कारण अर्ज पाठवायची वेळ झाली होती. दर हिवाळ्यात ती तो नव्याने लिहून काढायची. तो कायदा तिच्या हयातीत झाला नाही.